तेरा नंबरची पेटी

अ‍ॅलिस हे टेक्सास राज्याच्या दक्षिण भागातलं एक लहान गाव. 28 ऑगस्ट 1948 ला तिथं मतदान झालं. सिनेटच्या एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायची ती दुसरी, निर्णायक फेरी होती. त्या काळी टेक्सासात रिपब्लिकन पक्ष नावापुरता उरलेला, त्यामुळे ही फेरी जिंकणारा सिनेटवर गेल्यातच जमा. एका बाजूला माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन, दुसऱ्या बाजूला नुकतीच चाळिशी गाठलेले लिंडन जॉन्सन. राज्यभरात मतं पडली 9 लाख 88 हजारांवर, आणि चुरस इतकी की आघाडी काहीशे मतांच्या आतच हलत होती. मतदानानंतर सहाव्या दिवशी अ‍ॅलिसच्या तेरा नंबरच्या पेटीचा ‘दुरुस्त’ आकडा आला. जॉन्सन यांची आधी 765 असलेली मतं आता 965 झाली होती. इंग्रजी सातच्या डोक्यावर गोल पुरा केला की नऊ होतो, तेवढ्यात काम भागलं. अखेरच्या निकालात जॉन्सन 87 मतांनी विजयी.

स्टीव्हन्सन गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीचा खातमा करणारा टेक्सास रेंजर्सचा माजी अधिकारी सोबत घेऊन ते अ‍ॅलिसला गेले. मतदान केलेल्यांची यादी बँकेत कुलपात होती. त्यांच्या माणसांना ती जेमतेम नजरेखालून घालता आली, पण तेवढंही पुरेसं होतं. शेवटची 202 नावं एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, आणि वर आडनावांच्या अक्षरक्रमानं. म्हणजे केंद्र बंद व्हायच्या सुमाराला गावातले लोक शाळेच्या हजेरीसारखे ओळीनं येऊन उभे राहिले असणार! त्यातली 200 मतं जॉन्सन यांना आणि 2 स्टीव्हन्सन यांना. ती दोन मतं कुणी आणि कशापायी सोडली असतील, याचं मला अजून कुतूहल आहे. पक्षाच्या राज्य समितीनं 29 विरुद्ध 28 मतांनी निकाल कायम केला, सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या आदेशानं चौकशी मध्येच थांबली, आणि जॉन्सन सिनेटवर गेले. त्या केंद्राचे प्रमुख लुईस सालास यांनी 1977 मध्ये, म्हणजे 29 वर्षांनी, बातमीदारापुढे कबूल केलं की ती मतं खोटीच होती.

बोगस मतदान होतच नाही असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी. पण तिच्याकडे नीट बघितलं तर एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही, आणि या प्रकरणाचा सगळा भार तिच्यावरच आहे. त्या 202 जणांपैकी कुणीही खोटं नाव सांगून केंद्रावर आलं नव्हतं. मुळात आलंच कुणी नव्हतं. खोटं केलं ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांनी, ज्यांच्या हातात यादी, लेखणी आणि पेटी होती त्यांनी. आणि त्यांच्यामागे उभा होता जॉर्ज पार. शेजारच्या ड्यूव्हल काउंटीचा अनभिषिक्त राजा, लोक त्याला ‘ड्यूक’च म्हणत. टेक्सासात मत द्यायचं तर आधी दीड-पावणेदोन डॉलर पोल टॅक्स भरावा लागे. मेक्सिकन वंशाच्या गरीब मजुराला तो परवडत नसे. त्या भागातले पारसारखे धनी तो परस्पर भरत आणि पावत्या आपल्याकडे ठेवत. गरिबाला मतापासून लांब ठेवण्यासाठी लावलेला कर होता तो, आणि त्याच करानं त्या गरिबाचं मत धन्याच्या खिशात नेऊन टाकलं. अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षं एक वाद हिरिरीनं चालू आहे: निवडणुकीला जास्त धोका कशाचा, बोगस मतांचा की खऱ्या मतदाराला अडवण्याचा? दोन्ही बाजू हे दोन वेगळे आजार धरून बोलतात. दक्षिण टेक्सासात ते एकाच घरात नांदत होते.

मिसिसिपीत तर ते एकमेकांचे बापलेक होते. अमेरिकी यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि त्या राज्यात त्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त. 1875 पासून गोऱ्या पुढाऱ्यांनी दहशत आणि पेट्यांमधली हेराफेरी या दोन्ही मार्गांनी सत्ता राखली. 1890 मध्ये नवीन राज्यघटना लिहायला सभा बसली, तेव्हा त्यांच्यातल्याच एका न्यायाधीशानं उघड सांगून टाकलं की 1875 पासून या राज्यात एकदाही सरळ मोजणी झालेली नाही. कबुली प्रांजळ होती, उपाय मात्र अजब. गोऱ्यांना पेट्या भरायची वेळच येऊ नये म्हणून काळ्यांची नावंच यादीतून काढायची! दोन डॉलर पोल टॅक्स, आणि घटनेतलं एखादं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायची परीक्षा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा कारकून. निवडणुका शुद्ध करण्याची भाषा होती, आणि ती भाषा फसवणूक करणाऱ्यांनीच फसवणूक झालेल्यांविरुद्ध वापरली. इतर राज्यांनी हा धडा भराभर गिरवला. लुइझियानात 1896 मध्ये 1,30,334 कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. 1904 मध्ये उरले 1,342.

ही अडवणूक प्रत्यक्षात कशी चाले, ते बघायला मिसिसिपीतल्या इंडियानोला गावात, 31 ऑगस्ट 1962 ला जाऊ. फॅनी लू हेमर नावाची, कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई आणखी सतरा जणांबरोबर एका जुन्या बसमधून तिथल्या कचेरीत नाव नोंदवायला आली. अर्जात कुठं राहता, कुणाकडे काम करता हेही विचारलेलं. ती माहिती संध्याकाळच्या आत मालकाच्या कानावर जाणार, हे उघडच होतं. मग कारकुनानं राज्यघटनेतलं एक कलम काढून दिलं. त्यात प्रत्यक्षात चालत आलेल्या, पण विधिवत न केलेल्या कायद्यांबद्दलची एक किचकट तरतूद होती. ते उतरवून घ्या आणि अर्थ लिहा. हेमरबाईंनी उतरवून घेतलं, अर्थ काही लागला नाही. आपल्याकडचे किती वकील पहिल्या फटक्यात सांगू शकतील, शंकाच आहे. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकाला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा! घरी पोचेपर्यंत मालकाला खबर लागलेली होती. अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड, एवढाच त्याचा निरोप. त्याच रात्री त्यांनी अठरा वर्षांचं काम आणि घर सोडलं.

यातली एकही गोष्ट कुठल्या निकालाच्या आकड्यात दिसत नाही. तेरा नंबरच्या पेटीत निदान 202 नावं तरी होती. शाई तपासता येते, अक्षर जुळवता येतं, एखाद्या सालासला म्हातारपणी बोलतं करता येतं. न पडलेल्या मताचं काय तपासणार? इंडियानोलाच्या कचेरीतून रिकाम्या हातांनी परतलेली अठरा माणसं कुणाच्या बेरजेत नाहीत आणि कुणाच्या वजाबाकीतही नाहीत.

दोन वर्षांनी, ऑगस्ट 1964 मध्ये, हेमरबाई अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात आपली हकीकत सांगायला उभ्या राहिल्या. कॅमेरे चालू होते. व्हाइट हाउसमधून घाईघाईनं पत्रकार परिषद जाहीर झाली आणि वाहिन्यांनी प्रक्षेपण तिकडे वळवलं. बाईंचं बोलणं देशापर्यंत थेट जाऊ नये म्हणून ही धडपड करणारे राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन. आणि 6 ऑगस्ट 1965 ला मताधिकार कायद्यावर सही करणारेही तेच. मधल्या काळात सेल्मा घडलं होतं. 7 मार्च 1965 ला एडमंड पेटस पुलावर मताधिकारासाठी शांतपणे चालत निघालेल्या माणसांना घोडेस्वार पोलिसांनी झोडपलं आणि ते देशानं घरात बसून पाहिलं. बोगस मतांवर सिनेट गाठलेल्या माणसाच्याच हातून अमेरिकेतला सर्वांत परिणामकारक निवडणूक कायदा झाला. हे लिहिताना मला त्यात विसंगती वाटत नाही. यंत्र आतून कसं चालतं, हे जॉन्सनइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं. मिसिसिपीत नोंदवलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण 1964 मध्ये 6.7 टक्के होतं, 1967 मध्ये 59.8 टक्के झालं. माणसं तीच होती. बदललं होतं टेबलापलीकडचं वागणं, कारण केंद्र सरकारचे अधिकारी तिथं येऊन बसू शकत होते, आणि पूर्वी अडवणूक केलेल्या राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यावी लागत होती.

ही पूर्वमंजुरी 25 जून 2013 ला गेली. शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की कोणत्या राज्यांना ती लागू, हे ठरवण्याचा निकष जुनाट झाला आहे. टेक्सासनं त्याच दिवशी अडून राहिलेला फोटो ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.

इथं मराठी वाचक थबकणार, आणि ते बरोबरच आहे. ओळखपत्र दाखवण्यात एवढं काय मोठं? आपण दाखवतोच की. पण आपल्याकडे ते कार्ड निवडणूक आयोगच बनवून देतो, यादी करायला बीएलओ दारात येतो, आणि मतदार कार्ड नसलं तर आधारपासून पासबुकापर्यंत डझनभर पर्याय चालतात. अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र असं काही नाहीच. यादीत नाव घालून घेणं अनेक राज्यांत ज्याचं त्यानं बघायचं. फोटो असलेलं सगळ्यांत सामान्य कार्ड म्हणजे वाहन परवाना. म्हणजे गाडी न चालवणारा म्हातारा, गरीब किंवा शहरातला विद्यार्थी आपोआप बाजूला पडतो. त्यात कोणतं कार्ड चालेल हे विधिमंडळ ठरवणार. टेक्सासच्या त्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. कोण कुणाला मत देतं हे ठाऊक असलेल्याला यावर आणखी काही सांगायची गरज नाही.

इंडियाना राज्याच्या अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2008 मध्ये मान्यता दिली. दुसऱ्याच्या नावानं केंद्रावर येऊन मत टाकल्याचं एकही प्रकरण त्या राज्याच्या इतिहासात न्यायालयासमोर आलं नव्हतं. निकालात त्यासाठी दाखला निघाला तो 1868 सालच्या न्यूयॉर्कमधल्या बॉस ट्वीड या भ्रष्ट पुढाऱ्याच्या टोळीचा, आणि जोडीला 2004 मधलं वॉशिंग्टन राज्यातलं एक तुरळक उदाहरण. निकालानंतर आठच दिवसांनी इंडियानात प्राथमिक फेरी होती. साउथ बेंडच्या सेंट मेरीज मठातल्या डझनभर वृद्ध जोगिणी, काही नव्वदी पार केलेल्या, खाली मतदानाला आल्या आणि चालणारं ओळखपत्र नाही म्हणून परत गेल्या. त्यांना परत पाठवणारी केंद्रावरची कर्मचारी त्याच मठातली जोगीण होती. ती या सगळ्यांना नावानिशी ओळखत होती. पण कायद्याला ओळख नको होती, कार्ड हवं होतं.

तोतयेगिरीचं प्रमाण इतकं कमी का, याचं कारण माणसाच्या साध्या हिशेबात आहे. एका मतासाठी पाच वर्षांच्या कैदेचा धोका कोण पत्करेल? आणि खरा मतदार नंतर आला की भांडं फुटणारच. जस्टिन लेविट या कायद्याच्या प्राध्यापकांनी 2000 ते 2014 या काळातल्या एक अब्जाहून जास्त मतांत अशा तोतयेगिरीची विश्वासार्ह वाटावी अशी 31 प्रकरणं मोजली. हेरिटेज फाउंडेशन ही उजव्या विचारांची संस्था फसवणुकीची प्रकरणं मुद्दाम गोळा करते. तिच्या नोंदीतही सगळ्या प्रकारांची मिळून, सगळ्या देशातली, कित्येक दशकांतली सिद्ध झालेली प्रकरणं दीड हजाराच्या आसपास आहेत.

कॅन्ससमध्ये तर हा हिशेब न्यायालयातच मांडला गेला. तिथले सचिव क्रिस कोबाक यांचं ठाम म्हणणं होतं की परदेशी नागरिक यादीत घुसत आहेत. म्हणून 2013 पासून नोंदणीला जन्मदाखला किंवा पासपोर्टसारखा नागरिकत्वाचा कागद सक्तीचा झाला. त्या कागदापायी 31 हजारांवर अर्ज अडकले. 2018 मध्ये न्यायमूर्ती ज्युली रॉबिन्सन यांच्यापुढे खटला चालला तेव्हा 1999 पासून यादीत आलेले परदेशी निघाले फार तर 39, आणि त्यातलेही बरेच सरकारी कारकुनाच्या चुकीनं. कोबाक म्हणाले होते की हे हिमनगाचं टोक आहे. न्यायमूर्तींनी लिहिलं की हिमनग नाहीच, गोंधळ आणि कारकुनी चुकांनी बनलेला बर्फाचा एक सुळका तेवढा आहे. स्वतःचा खटला स्वतःच चालवणाऱ्या कोबाक यांना त्यांनी वर कायद्याच्या वर्गाला सहा तास जादा बसायची शिक्षाही फर्मावली.

आता दुसऱ्या बाजूलाही चिमटा काढायला हवा, कारण तिथंही फुगवून सांगायची खोड आहे. ओळखपत्राच्या कायद्यांनी लाखो लोक मतदानापासून तुटले, असं सर्रास म्हटलं जातं. कान्तोनी आणि पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 ते 2018 या काळातली देशभरची आकडेवारी चाळली, तर कडक ओळखपत्र कायद्यांमुळे नोंदणी किंवा मतदान ठळकपणे घटल्याचं त्यांना आढळलं नाही. फसवणूक कमी झाल्याचंही आढळलं नाही, आणि लोकांच्या मनातली फसवणुकीची शंकाही कमी झाली नाही. याचं एक कारण असं दिसतं की अडवलं की माणूस इरेला पेटतो. चर्च, संघटना, शेजारी सगळे कामाला लागतात आणि तूट भरून काढतात. पण म्हणून अडवणूक निरुपद्रवी ठरत नाही. एकाला सहज मिळणारी गोष्ट दुसऱ्यानं झगडून मिळवली, तर झगडण्याचा खर्च कुणी तरी भरलेला असतोच. पण निकाल फिरला असा दावा करायचा, तर त्याला तितकाच पुरावा लागतो, मग दावा कुणाचाही असो.

2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर तो पुरावा मागितला गेला, आणि देता आला नाही. ट्रम्प यांच्या बाजूनं साठावर खटले पडले, जवळजवळ सगळे हरले. जॉर्जियात बायडेन 11,779 मतांनी पुढे होते. पन्नास लाखांच्या घरातली मतं हातानं पुन्हा मोजली, निकाल तोच. मेलेल्या पाच हजार लोकांनी मतं दिल्याचा आरोप होता. राज्यानं शोध घेतला तेव्हा चार सापडली. अ‍ॅरिझोनाच्या मारिकोपा काउंटीत रिपब्लिकनांनीच नेमलेल्या कंपनीनं महिनोन्महिने मतपत्रिका चाळल्या. आशियातून आलेल्या खोट्या मतपत्रिका असतील म्हणून कागदात बांबूचे धागे आहेत का, तेही बघितलं. शेवटी बायडेन यांची 99 मतं वाढली आणि ट्रम्प यांची 261 घटली. एवढं होऊनही शंका गेली नाही. याला एक खरं कारणही आहे: अमेरिकेच्या मतदार याद्या खरोखर बेशिस्त आहेत. 2012 मध्ये प्यू संस्थेच्या अहवालानं दाखवलं होतं की 18 लाख मृतांची नावं यादीत तशीच आहेत आणि साडेसत्तावीस लाख लोकांची नावं एकाहून जास्त राज्यांत आहेत. माणूस घर बदलतो, मरतो, आणि जुन्या गावाला कुणी कळवत नाही. यादीतलं मेलेलं नाव आणि मेलेल्यानं टाकलेलं मत यांत मोठं अंतर आहे, पण भाषणात ते सहज ओलांडता येतं. यादी साफ करायलाच हवी, यात वाद नाही. वाद असतो झाडू कुणाच्या अंगणात जास्त फिरतो याचा. 2000 मध्ये फ्लोरिडानं गुन्हेगारांची नावं काढायला एका कंपनीकडून यादी करून घेतली. नावं ढोबळमानानं जुळवली, निरपराध माणसंही तीत सापडली, त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण फार मोठं. त्या राज्याचा आणि पर्यायानं देशाचा निकाल त्या वर्षी 537 मतांनी लागला.

तेव्हा जास्त धोका कशाचा, असं मला कुणी सरळ विचारलं तर मी अडवणुकीचा म्हणेन, आणि त्यामागे भावना नाही, गणित आहे. केंद्रावर येऊन करायची फसवणूक एकेका मतानं करावी लागते, प्रत्येक मताला एक साथीदार आणि एक साक्षीदार वाढतो. अडवणूक मात्र एका कलमानं पूर्ण गटाला लागू होते, कायदेशीर असते आणि तिचा पगार सरकार देतं. फसवणूक खरी होते तेव्हाही ती बहुधा केंद्रावर आलेला मतदार करत नाही. यादी, लिफाफे किंवा मोजणी ज्यांच्या ताब्यात, ते करतात. 1997 ची मायामीची महापौर निवडणूक अशाच अनुपस्थित मतपत्रिकांच्या घोळापायी न्यायालयानं फिरवली. म्हणून नजर ठेवायची तर ती रांगेवर नाही, कचेरीवर.

हे सगळं नॉर्थ कॅरोलायना राज्यात एकाच दशकात बघायला मिळालं. 2013 मध्ये तिथल्या विधिमंडळानं आधी कोणत्या वंशाचे लोक कोणत्या पद्धतीनं मत देतात याची आकडेवारी मागवली, आणि मग कृष्णवर्णीय ज्या सोयी जास्त वापरत होते नेमक्या त्याच कापणारा कायदा केला. 2016 मध्ये अपील न्यायालयानं तो रद्द करताना म्हटलं की शस्त्रक्रियेच्या नेमकेपणानं हा घाव घातलेला आहे. कारण अर्थातच फसवणूक रोखण्याचं सांगितलं गेलं होतं.

मग 2018 मध्ये तिथं खरोखरच फसवणूक झाली. संसदेच्या नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार मार्क हॅरिस 905 मतांनी पुढे होते. ब्लेडन काउंटीचे आकडे बघून तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या: टपालानं मत दिलेल्यांत रिपब्लिकन म्हणून नोंदलेले 19 टक्के, आणि हॅरिस यांना त्यातली 61 टक्के मतं. चौकशीत निघालं की मॅक्रे डाउलेस नावाचा, पूर्वी फसवणुकीत शिक्षा झालेला एक कार्यकर्ता हॅरिस यांच्या प्रचारासाठी काम करत होता. त्याची पगारी माणसं दारोदार जाऊन आधी अर्ज भरून घेत, मग मतपत्रिका गोळा करत. हे दुसरं तिथं बेकायदा होतं. काही मतपत्रिकांत रिकाम्या जागा त्यांनीच भरल्या, न पाहिलेल्या सह्यांना साक्षी केल्या. साक्षीतला बारकावा बघण्यासारखा आहे: लिफाफे एकदम न टाकता थोडे थोडे टाकायचे, मतदाराच्या जवळच्याच टपाल कचेरीत टाकायचे, साक्षीदाराची शाई मतदाराच्या शाईशी जुळवायची, आणि तिकीट उलटंसुलटं लागणार नाही हे बघायचं. मागवलेल्या पण कधीच परत न पोचलेल्या मतपत्रिकाही या भागात विलक्षण जास्त होत्या, विशेषतः कृष्णवर्णीय आणि मूळ निवासी मतदारांच्या. दारात आलेल्या माणसाच्या हाती आपलं मत विश्वासानं देणाऱ्या कुणाचं मत वाटेत नाहीसं झालं असेल, तर त्याला बोगस मतदान म्हणायचं की अडवणूक?

उमेदवाराच्याच मुलानं, जो स्वतः सरकारी वकील होता, सुनावणीत सांगितलं की आपण वडिलांना या माणसापासून सावध केलं होतं. फेब्रुवारी 2019 मध्ये राज्याच्या निवडणूक मंडळानं एकमतानं निवडणूक रद्द केली. फेरनिवडणुकीत हॅरिस उभे राहिले नाहीत. डाउलेस खटला उभा राहण्याआधीच 2022 मध्ये वारला. हॅरिस 2024 मध्ये शेजारच्या मतदारसंघातून संसदेत गेले. आणि नोव्हेंबर 2018 च्या त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, राज्यातल्या मतदारांनी फसवणूक रोखण्यासाठी एक घटनादुरुस्ती मंजूर केली होती. तिच्यानुसार फोटो ओळखपत्र दाखवायचं होतं ते केंद्रावर स्वतः येऊन मत देणाऱ्यांनी.